कळकलेलं पाणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीत विश्रामबाग भागात राहणाऱ्या ३१ वर्षांच्या एका वाचकाने लिहिलं आहे. घर एकत्र: आई-बाबा, दादा-वहिनी आणि सहा वर्षांचा पुतण्या. तासगाव तालुक्यात घरची द्राक्षबाग. हॉलमध्ये त्यांची दोनशे लिटरची रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातली प्रवाळांची टाकी आहे, तीन वर्षं जुनी. त्यात झोआ, मशरूम, एक मोठं लेदर, एक हॅमर (ही सगळी प्रवाळांची नावं), दोन क्लाउनफिश, एक कोळंबी आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगायी. दिवाळीत चार दिवस बागेत राहून आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे चाळीस लिटर पाणी बदललं. मिठाचं पाणी कालवायचा जुना टब फुटल्यामुळे घरातलाच एक निळा टब स्वच्छ धुऊन घेतला. दुसऱ्या दिवशी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या आणि झोआ मिटले. तिसऱ्या दिवशी कोळंबी मेली. लेदरने मान टाकली, हॅमरची एक फांदी पांढरी पडली. मासे मात्र मजेत खातायत. घाबरून त्यांनी दहा दिवसांत तीनदा निम्मं पाणी बदललं, मिठाची कंपनी बदलली, प्रवाळांच्या जागा हलवल्या, दिवे वाढवले. पाणी बदललं की दर वेळी दुसऱ्या दिवशी सगळं आणखी मिटतं. नळाच्या पाण्यात काहीतरी आलं असावं असा त्यांचा संशय आहे. त्याहून मोठा संशय वहिनीवर, कारण पहिल्यांदा पाणी बदललं त्याच्या आदल्या रात्री तिने स्वयंपाकघरात झुरळांचा स्प्रे मारला होता. तीन आठवडे दोघांत धड बोलणं नाही. बाबा म्हणतात, दगड उकळून घे आणि पहिल्यापासून सुरू कर, नाहीतर विकून टाक. वाचक विचारतात: दोष कुणाचा, आणि टाकी वाचवू की मोडू?

उत्तर:

तुमचं पत्र मी आधी प्रवाळांसाठी वाचलं आणि मग वहिनींसाठी पुन्हा एकदा. तुम्ही दोन्ही गोष्टी एका दमात लिहिल्यात, जणू एकीचा निकाल लागला की दुसरीचा आपोआप लागेल. तसं होत नाही. पण टाकीत काय झालं हे नीट पाहिलं तर वहिनींचा प्रश्न बराचसा सुटेल, म्हणून सुरुवात टाकीपासून करते.

तुमच्या पत्रातला सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे गोगलगायी. तुम्ही त्यांना एका वाक्यात उरकलंत. घरगुती झुरळांच्या स्प्रेमध्ये बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं. कोळंबी, खेकडे आणि मासे यांना ते फार घातक, गोगलगायींना मात्र त्यामानाने पुष्कळच कमी. स्प्रे पाण्यात उतरला असता तर कोळंबी काही तासांतच उलटी पडली असती, मासे वर येऊन धापा टाकू लागले असते, आणि गोगलगायी काचेवर निवांत चरत राहिल्या असत्या. तुमच्याकडे नेमकं उलटं घडलंय. गोगलगायी पहिल्या पडल्या, मासे अजून ताव मारतायत. क्लोरीन किंवा अमोनिया असता तरी माशांच्या कल्ल्यांवर परिणाम दिसलाच असता.

मासे ठणठणीत आणि बिनकण्याचे सगळे प्राणी आजारी, अशी जोडी दिसली की रीफ टाकी पाळणारे लोक पहिलं नाव धातूचं घेतात, आणि धातूंमध्ये पहिलं नाव तांब्याचं. 

आपल्याला हे पटायला जड जातं. आपल्या घरात तांब्याचं पाणी म्हणजे आरोग्य. पण आपल्याच आज्यांनी दुसरीही गोष्ट शिकवून ठेवलीय: ताक, चिंचेचं सार, कोकम कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवायचं नाही, ते कळकतं. कळकणं म्हणजे पितळेतलं तांबं अन्नात उतरणं. माणसाच्या जिभेला आणि पोटाला जे कळकल्यावर कळतं, ते गोगलगायीला आणि प्रवाळाला त्याच्या कितीतरी आधी कळतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात तेही म्हणूनच वेगळ्या टाकीत. त्याची नेहमीची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं एवढीशीच असते. तेवढ्यात मासे तगतात, गोगलगायी आणि कोळंबी तगत नाहीत.

आता नळाच्या पाण्याबद्दल. सांगलीकरांनी पाण्यावर संशय घेणं स्वाभाविक आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना कृष्णेच्या पाण्याचे रंग वेगळे सांगावे लागत नाहीत. पण तुमच्याकडे पाणी गाळणारं आरओ यंत्र आणि त्यापुढे उरलेले क्षार धरणारं डीआय रेझिन आहे, आणि विरघळलेले क्षार मोजणारा मीटर शून्य दाखवतो असं तुम्ही लिहिलंय. मीटरवर मी आंधळा विश्वास ठेवणार नाही. तो दशलक्षात एक भागापासून मोजायला लागतो, आणि तांबं त्याच्या कितीतरी खाली असतानाच प्रवाळांना बाधतं. क्लोरीन तर त्याला दिसतही नाही. तरीही नीट चालणारं डीआय रेझिन तांबं धरून ठेवतं. शिवाय हेच यंत्र, हाच नळ, हेच पाणी तीन वर्षं चाललं. मीठ तुम्ही बदललंत, तरी त्रास तोच राहिला. म्हणजे मीठही जवळपास सुटलं. मग दिवाळीनंतर नवीन काय आलं?

निळा टब.

तो घरात कुठून आला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला तेवढंच विचारायचंय. द्राक्षबागायतदाराच्या घरातला साठ-सत्तर लिटरचा प्लास्टिकचा टब काय काय करून आलेला असतो, हे तुमच्या बाबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. बोर्डो मिश्रण, म्हणजे वेलींवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, लोखंडी भांड्यात करत नाहीत, कारण मोरचुदातलं (कॉपर सल्फेटमधलं) तांबं लोखंडावर चढतं. म्हणून ते प्लास्टिकच्या टबात किंवा ड्रममध्ये कालवतात: एक टक्क्याचं करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. आणि बोर्डोचा गुणच असा की ते पानाला चिकटून राहावं, पावसाने धुपू नये. पावसाने धुपत नाही ते दोन पाण्यांनी विसळल्यावर जाईल का? टबाच्या कडेच्या आतल्या वळणावर, तळाच्या ओरखड्यांत फिकट निळसर पूड राहिली तर निळ्या टबात ती दिसणारही नाही.

किती राहिली तर पुरेल, याचा हिशोब करून पाहा. मोरचुदाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. एक ग्रॅम मोरचूद दोनशे लिटरमध्ये गेलं तर लिटरला सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास तांबं होतं. त्याचा आठवा भाग, म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढी पूड, माशांच्या औषधाच्या मात्रेला पोचते. आणि निम्मं पाणी बदलायचं म्हणजे शंभर लिटर, म्हणजे त्या टबाच्या दोन फेऱ्या, दहा दिवसांत तीनदा. तुम्ही विष काढून टाकत होता असं तुम्हाला वाटत होतं. मला वाटतं, तुम्ही ते पुन्हा पुन्हा घालत होता. ‘पाणी बदललं की आणखी मिटतं’ हे तुमचं वाक्य मला म्हणूनच महत्त्वाचं वाटलं.

यासाठी स्वतःला कोसू नका. मोठं पाणी बदलणं ही पहिल्या दिवशी मीही केली असती अशी गोष्ट आहे. पाणी कशात कालवलं, एवढाच प्रश्न आहे.

खात्री कशी करायची? बाबांनाच मदतीला घ्या. बोर्डो नीट जमलंय का हे पाहायला शेतकरी त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवतात. तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुना हवा. तीच परीक्षा उलटी वापरा. टबाच्या तळाशी आरओचं पाणी लिटरभर घ्या, त्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, टब तिरका करून ते कडांवरून, ओरखड्यांवरून फिरवा आणि रात्रभर ठेवा. आंबटाने तांबं सुटतं, ताकाने सुटतं तसंच. सकाळी त्यातलं थोडं पाणी काचेच्या पेल्यात काढून घासून चकचकीत केलेला खिळा त्यात काही तास बुडवा. खिळा तांबूस झाला तर प्रश्न मिटला. नाही झाला तर टब निर्दोष ठरत नाही, कारण खिळ्याला दिसायला बरंच तांबं लागतं आणि गोगलगायीला मरायला फार थोडं. तेव्हा तांब्याच्या चाचणीचं थेंबांचं किट वापरा, तेही टाकीच्या पाण्यापेक्षा या व्हिनेगरच्या पाण्यावर आधी. टाकीच्या पाण्यात किटने शून्य दाखवलं म्हणजे शून्य असतंच असं नाही. बारीक मोजमाप हवं तर पाण्याचा नमुना आयसीपी नावाच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला पाठवावा लागतो. त्याला वेळ लागतो, पण एकदा पाठवाच. अहवालात तांब्याबरोबर जस्त, कथील, लोह हेही कळेल.

कारण माझा अंदाज चुकू शकतो. माझ्या पहिल्या टाकीत असंच झालं होतं. दोन महिने मी कॉलनीतल्या प्रत्येकाला नळाच्या पाण्याबद्दल सुनावत होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली म्हणून त्यांच्याशीही वाजलं. शेवटी सम्पमधल्या, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या, पंपाची नळी बदलायला घेतली तर नळी आवळलेली क्लिप हिरव्या थराने माखलेली. पितळेची. दुकानात मीच हौसेने निवडलेली, ‘ही गंजत नाही’ म्हणून. काकूंकडे मी गेले, पण उशिरा गेले. तेव्हा तुम्ही टाकीच्या काचा घासायच्या चुंबकाचं कवच फुटलंय का, हीटरला तडा गेलाय का, पंपाच्या दांड्यावर गंज आहे का, टब ढवळायच्या पंपाच्या वायरीचं आवरण सुटलंय का, हे सगळं हातात घेऊन पाहा. सहा वर्षांचा पुतण्या आहे, तर वाळूत नाणं नाही ना हेही पाहा. दहाच्या नाण्यातही तांबं असतं. त्याला रागावून विचारू नका, म्हणजे खरं सांगेल.

आता प्रवाळांचं. आजपासून तो टब बंद. नवीन टब अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकचा घ्या. त्याच्या झाकणावर मार्करने ‘माशांचा’ असं ठळक लिहा आणि तो बाथरूममध्ये ठेवू नका, नाहीतर पहिल्या पाहुण्याच्या हाताला लागेल. ढवळायचा पंप आणि नळीही नवीन. बागेतून आल्यावर हात साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळखळून, शक्यतो टाकीसाठी लांब बाह्यांचे हातमोजे घालूनच पाण्यात घाला.

नवीन टबातलं पाणी तयार झालं की आधी एकदा तिसरा हिस्सा पाणी बदला. खारटपणा ३५ (लिटरला ग्रॅम), तापमान टाकीइतकंच, आणि क्षारता टाकीच्या जवळपास. हा शेवटचा मुद्दा तुम्ही मीठ बदललंत म्हणून सांगते. काही मिठांचं पाणी ७-८ डीकेएचचं (क्षारता मोजायचे अंश) होतं, काहींचं ११-१२ चं. तुमच्या प्रवाळांनी दहा दिवसांत तांब्याबरोबर क्षारतेचेही हेलकावे खाल्ले असतील. जुन्या मिठावर परत जायचं असेल तर आताच एकदा जा आणि मग सहा महिने बदलू नका. पुढे आठवड्याला दहा टक्के पुरे. क्षारता ८ ते ९ मध्ये कुठेही असू दे, पण दिवसाला एक अंशापेक्षा जास्त हलू देऊ नका. आकड्यापेक्षा तो स्थिर असणं प्रवाळाला जास्त मानवतं.

पाणी बदलून सगळं तांबं जाणार नाही. लाईव्ह रॉक (जिवाणू वसलेले टाकीतले दगड) आणि वाळू चुनखडीची असतात. तांबं त्यांना चिकटतं आणि मग हळूहळू सुटत राहतं. म्हणून धातू धरणारी रेझिन फिल्टरमध्ये ठेवा, निदान सहा ते आठ आठवडे. तांबं धरल्यावर बहुतेक अशा रेझिनचा रंग निळसर-काळपट होत जातो. तो बदलला की रेझिन बदला. जोडीला चांगला कार्बन, म्हणजे फिल्टरचा सक्रिय कोळसा, आरओच्या पाण्यात धुऊन, दर चार-पाच दिवसांनी नवा. कार्बन धातूंवर फारसा उपयोगी नाही, पण मरगळलेली प्रवाळं जो चिकट स्राव सोडतात आणि मेलेल्या गोगलगायींमुळे पाण्यात जे काही आलं असेल, ते तो ओढतो. कार्बनने पाण्यातला पिवळेपणा जातो, पाणी एकदम लख्ख होतं आणि त्याच दिव्याचा उजेड प्रवाळांना जास्त लागतो. तुम्ही तर वर दिवेही वाढवलेत. ते आधी निम्म्यावर आणा, दिवसाला सहा तास, आणि दोन आठवड्यांनी आठवड्याला थोडे थोडे चढवत न्या. आजारी माणसाला कुणी उन्हात बसवत नाही.

जागा हलवणं बंद. पडलेलं प्रवाळ उचलून ठेवा, बाकीच्यांना हात लावू नका.

खाऊ घालून ते लवकर बरे होतील असं वाटतं ना? मिटलेलं तोंड खात नाही. टाकलेलं सगळं कुजतं. माशांना नेहमीच्या निम्मं द्या. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा. हॅमरच्या जिवंत फांद्यांतून बारीक स्पर्शक बाहेर आलेले दिसले तरच त्या फांदीला चिमूटभर बारीक कोळंबी द्या, आठवड्यातून एकदा.

टॉर्च हातात आहे तोवर ती पांढरी फांदीही पाहा. ‘पांढरी पडली’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. प्रवाळाच्या मांसात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रवाळाला रंग देतात आणि उजेडावर अन्नही करून देतात. ताण आला की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतं. मांस असतं, पण काचेसारखं पारदर्शक होतं आणि आतला सांगाडा पांढरा दिसतो. असं असेल तर ते जिवंत आहे, काही महिन्यांत रंग परत येऊ शकतो. मांसच सोलून निघालं असेल, कडा फाटल्यासारख्या दिसत असतील, तर ती फांदी गेली. आणि तपकिरी, श्लेष्मासारखा थर असेल, वास येत असेल, तर वाट पाहू नका. तो थर सायफनने ओढून घ्या, फांदी रोगट भागाच्या खाली कापून बाहेर काढा. तो एका फांदीवरून दुसरीवर जातो.

लेदरची मात्र घाई करू नका. ते एरवीही अधूनमधून मेणासारखी पातळ कात टाकतं आणि त्या वेळी आठ-पंधरा दिवस मिटून, मळकट होऊन बसतं. त्याच्यावर पंपाचा प्रवाह थोडा तिरका सोडा, म्हणजे कात सुटून जाईल. या टाकीतलं सगळ्यात उशिरा उघडणारं प्रवाळ तेच असेल बहुधा. आधी झोआ पाहा. त्यांच्या टोकाची झालर सकाळी थोडी जरी उघडली तरी दिशा बरोबर आहे. रोज एकाच वेळी, पांढऱ्या दिव्याखाली, एकाच जागेवरून फोटो काढा आणि आठवड्याने एकदाच ते ओळीने पाहा. रोज पाहिलंत तर रोज काहीतरी करावंसं वाटेल.

दुकानदाराने एखादी ‘सगळ्यावर चालणारी’ बाटली सुचवली तर आधी लेबल वाचा. माशांच्या कितीतरी औषधांत तांबंच असतं. आणि नवीन प्राणी दोन महिने नकोत. त्यानंतर एक गोगलगाय. तीन नव्हे, एक.

आता बाबांच्या ‘दगड उकळून घे’ या सल्ल्याबद्दल. हे मात्र मी अगदी स्पष्ट सांगते आणि झोआ पाळणाऱ्या प्रत्येकाला सांगते: ज्या दगडावर झोआ किंवा त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ आहेत, मेलेले का असेनात, तो दगड उकळायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, कोरडा असताना ब्रशने घासायचा नाही. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. निसर्गातल्या अतिशय जहाल विषांपैकी ते एक. वाफेतून किंवा उडालेल्या तुषारांतून ते श्वासात जातं आणि असे दगड उकळून आख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याचे प्रकार परदेशांत घडलेले आहेत. तोंडाला कडू, धातूसारखी चव, थंडी-ताप, धाप लागणं अशी लक्षणं दिसली तर घर मोकळं करा, रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना या विषाचं नाव सांगा. हॅमर कापताना, झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. पुतण्या दुसऱ्या खोलीत.

मग टाकी मोडायची की ठेवायची? सगळं काढून नव्याने सुरू करण्यात एक मानसिक सुख असतं, पाटी कोरी केल्याचं. पण तीन वर्षांत दगडांत वसलेले जिवाणू तुम्ही फेकून द्याल, टाकी पुन्हा बसायला महिना-दीड महिना जाईल, आणि मूळ दोष टबात असेल तर कोऱ्या पाटीवरही तोच धडा उमटेल. माझा कौल ठेवण्याकडे आहे. दोन-अडीच महिने स्वच्छ टब-पंप-नळी आणि रेझिन वापरूनही आयसीपीत तांबं चढंच आलं, तर आधी वाळू बदला, ती स्वस्त असते. मग दगड निम्मे-निम्मे करून. एक मधला मार्गही आहे. कोल्हापुरात किंवा मिरजेत कुणाची जुनी, स्थिर टाकी असेल तर झोआचा आणि मशरूमचा एकेक छोटा तुकडा त्यांच्याकडे ठेवायला द्या. तासाभराचा प्रवास त्यांना झेपेल. टाकीत काही झालंच तर बियाणं राहील.

विकायचं असेल तर विका, त्यात काही वाईट नाही. पण आज नको. घाबरलेल्या माणसाने विकलेली टाकी आणि पावसाच्या भीतीने काढलेली द्राक्षं, दोन्हींचा भाव बाबांना विचारा.

हॅमरच्या निमित्ताने एक विचारून ठेवते. त्याची पावती, आयातीचे कागद आहेत ना? दगडी प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहेत. किनाऱ्यावरून आणलेला तुकडा पाळणं हा गुन्हा आहे, मग तो मालवणहून कुणी भेट म्हणून का दिलेला असेना. परदेशातून रीतसर आलेले साइट्सच्या (दुर्मीळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले जिवंत प्राणीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदवावे लागतात. नसतील कागद तर दुकानदाराकडे मागा. तो टाळाटाळ करत असेल तर पुढचं प्रवाळ तिथून घेऊ नका.

इतर वाचकांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण अशी पत्रं पावसाळ्यात आणि द्राक्षांच्या हंगामात जास्त येतात. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ रीफ टाकीला परस्पर वापरू नका. हल्ली बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळतात, आणि काहींत तर ‘कॉपर’ म्हणून मुद्दाम तांब्याचं कार्ट्रिज बसवलेलं असतं. तंत्रज्ञ सर्व्हिसिंगला आला की नवं काय बसवलं ते विचारा. आणि पूर येऊन गेल्यावर पाण्यात गाळ जास्त, म्हणून तुरटी जास्त, क्लोरीनही जास्त. तेव्हा गाळाचं कार्ट्रिज तपकिरी होतं आणि कार्बनचं लवकर संपतं. ते संपलं की क्लोरीन पुढे आरओच्या मेम्ब्रेनपर्यंत (गाळणाऱ्या पडद्यापर्यंत) जातं आणि त्याची वाट लावतं. जूनच्या आत दोन्ही बदला आणि पन्नास-साठ लिटर शुद्ध पाणी झाकून साठवून ठेवा. टाकीतून काढलेलं खारं पाणी मात्र झाडांना किंवा बागेत ओतू नका. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ वेलीला नको.

राहिल्या वहिनी. तुम्ही लिहिलंय, ‘तिला माझ्या टाकीचं कधी काही वाटलंच नाही.’ त्याच पत्रात आधी लिहिलंय की दिवाळीच्या चार दिवसांत माशांना खाऊ वहिनीने घातला, तुम्ही दाखवलं तेवढंच, मोजून. मासे अजून ठणठणीत आहेत. स्प्रे तिने स्वयंपाकघरात मारला, दार लावून, असंही तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला तिच्यावरचा संशय गोगलगायींनी पहिल्याच दिवशी काढून दिला होता. तो तुम्ही तीन आठवडे बाळगलात, कारण खरं कारण सापडत नव्हतं आणि माणूस समोर होतं. पुढे टाकी झाकायची सवय हवी तर तुम्हीच लावा: फवारणीच्या दिवशी टाकीवर ओली चादर, एअर पंप बंद किंवा बाहेरच्या हवेवर, आणि दोन तास खिडक्या उघड्या. हे वहिनींना सांगायचं ते नियम म्हणून नाही, ‘मी झाकतो, तू मार’ असं.

बोलायला खिळ्याच्या निकालाची वाट पाहू नका. खिळा तांबूस झाल्यावर गेलात तर ती म्हणेल, पुरावा मिळाला म्हणून आलास. आज संध्याकाळी जा, टब व्हिनेगर घालून ठेवायच्या आधी. आणि घरातलं व्हिनेगर कुठल्या डब्यामागे आहे, हेही तिलाच ठाऊक असणार.